एका वेलांटीएवढं खोटं

"अण्णा, यादींत तुझं नांव आहे… आणि तें मीच घातलों!"

धाकट्या भावानं, मुरलीनं, हे सांगितलं तेव्हा सेतुमाधवाच्या डाव्या हातात कॉफीचा पेला होता. पेला डुचमळला, आणि चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कॉफी त्याच्या नेसलेल्या वेष्टीवर सांडली. माणसाला वाईट बातमी सांगायची तर निदान हातातलं गरम पेय तरी त्याला खाली ठेवू द्यावं! पण मुरलीला तेवढं भान नव्हतं. किंवा असेलही, आणि एकदाचं सांगून मोकळं होण्याची घाई त्याहून मोठी असेल.

"सरि," सेतुमाधव हळूच म्हणाला. म्हणजे ठीक. तंजावरच्या मराठी घरात तीन पिढ्या तमिळ मुरलेली. जीभ कुठल्या भाषेतला शब्द उचलेल याचा नेम नसतो.

"सरि काय, अण्णा? सोमवारीं यादी लागेल. जुनं प्रेस शॉप बंद होतंय. अकरा माणसं जाणार. शिफ्ट इनचार्ज म्हणून मज सगळ्यांस मार्क द्यायास सांगितले. सुरक्षेच्या रकान्यांत तुज काय देऊं? तुझ्याच सहीचा कागद आहे फाइलींत… 'माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणानं.' मी शून्य दिलों. न देऊन करतों काय?"

स्वयंपाकघराच्या दारातून रम्या, मुरलीची बायको, ओला हात पदराला पुसत म्हणाली, "हात प्रेसच्या आंत ठेवून 'सरि' म्हणणाऱ्या मनुष्यास कोण मार्क देईल, भावजी? राग मानूं नका. खरं तें बोलले."

सेतुमाधवानं राग मानला नाही. त्यानं वेष्टीचा ओला सोगा पिळला, पेला नीट बाजूला ठेवला आणि हसून म्हणाला, "बरोबर आहे. नियम तो नियम. भाऊ म्हणून तूं मार्क दिला असतास तर लोक तुज नांव ठेवले असते." एवढं बोलून तो गॅलरीत गेला. दोरीवरचे वाळलेले कपडे उगाच काढू लागला, आणि त्याचे डोळे भरून आले… किती आवरले तरी आवरेनात! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडायचं तरी कुणापुढे? ज्याच्यासाठी तोंड दाबलं होतं, त्याच्याच तर बुक्क्या!

कारण अपघाताच्या त्या दिवशी सेतुमाधव 'सरि' म्हणालाच नव्हता.

चौदा वर्षं झाली त्याला. अंबत्तूर इस्टेटमधला त्यांचा कारखाना गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या आणि सीटखालचे पत्रे करतो. सेतुमाधव तिथला डाय सेटर. म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवणारा, आणि पत्रा अडकला तर तो काढणारा. शंभर टनांचा प्रेस खाली येतो तेव्हा त्याला लोखंड काय आणि हाड काय, सारखंच! म्हणून त्या यंत्राला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. हात बटणांवर, तर ते आत जाणार कसे? पण दोन बटणांनी काम सावकाश होतं. महिनाअखेर आली, माल कमी पडू लागला की बटणं बंद करून पायानं दाबायचं पेडल जोडलं जाई. वरून तोंडी हुकूम येई, कागदावर कधी काही नसे. आणि पेडलवर उभं राहायला कंत्राटी पोरं असत, ज्यांना 'नको' म्हणायची सोय नसते.

त्या महिनाअखेरीला पेडलवर मुरली होता. सेतुमाधवानंच त्याला कंत्राटी म्हणून लावून घेतलं होतं. आई गेली तेव्हा मुरली तीन वर्षांचा, सेतुमाधव सतरा. वडील बालाजीराव त्यानंतर माणसांत आलेच नाहीत; वर्षा-दोन वर्षांत तेही गेले. त्या पोराला सेतुमाधवानं तळहाताच्या फोडासारखं जपलं. स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं की म्हणे, "आधीं मुरलीचं होऊं दे." मुरलीचं होईतो स्वतःचं वय निघून गेलं, आणि त्याचं त्याला काही वाटलंसुद्धा नाही!

दुसऱ्या पाळीला जोडून तिसरी पाळी चालली होती. पत्रा साच्यात अडकला. सेतुमाधवानं उजवा हात आत घातला, आणि खाली नजर गेली तर मुरलीचा पाय पेडलवर तसाच टेकलेला! पोर उभ्या उभ्या पेंगत होतं. कारखान्यात दोघं भाऊ नेहमी तमिळच बोलत. मराठी बोलले की बाकीचे म्हणत, ही दोघं कसली खलबतं करतायत? पण भीतीला असला शहाणपणा कुठला? त्या क्षणी सेतुमाधवाच्या तोंडून आईचा शब्द निघाला. आई चुलीपाशी असताना पोरं मध्ये आली की ती ओरडे तोच… "सर! सर!"

सर… बाजूला हो! पाय काढ!

मुरली दचकून जागा झाला. आई त्याच्या लेखी एक फोटो होती; तिचा हा शब्द त्याच्या कानात राहायला ती जगलीच नव्हती. त्या गदारोळात त्यानं ऐकलं 'सरि', म्हणजे झालं, चालू दे. आणि त्यानं पाय दाबला.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली.

इस्पितळात सेतुमाधव शुद्धीवर आल्यावर साहेब लोक कागद घेऊन आले. मुरलीनं आधीच सांगितलं होतं, "अण्णा सरि म्हणाला, मी दाबलों." पोरानं खोटं सांगितलं नव्हतं, ऐकलं तेच सांगितलं होतं. साहेबानं विचारलं, "तुम्ही 'सरि' म्हणालात?" सेतुमाधवानं दाराकडे पाहिलं. दारात मुरली उभा होता, ओठ पांढरे पडलेले, आणि तो टक लावून अण्णाच्या ओठांकडे बघत होता. नाही म्हटलं तर? तर हे पोर जन्मभर, प्रत्येक घासाला, आपल्या भावाची बोटं आपण तोडली म्हणून झुरेल. नोकरी जाईल ती वेगळीच. "होय," सेतुमाधव म्हणाला, "मी सरि म्हणालों. चूक माझी." आणि डाव्या हातानं सही केली. सरचं सरि केलं, एवढंच! एका वेलांटीएवढं खोटं… त्याच्यावर एक जन्म उभा राहतो की पडतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मुरली उभा राहिला, हे खरं. कायम झाला, रविवारी शिकून डिप्लोमा केला, शिफ्ट इनचार्ज झाला. सेतुमाधवाला स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि हत्यारं वाटायला. पण ज्याला त्यानं दुःखातून वाचवलं, त्याच्या मनात दुसरंच विष उगवत गेलं. अण्णानं मूर्खपणा केला! हात आत असताना 'सरि' म्हणाला, आणि ते रक्त मला बघायला लावलं! आधी कीव, मग चीड, मग तर साधं बोलणंही तुटक. घरात सेतुमाधव मराठीत विचारी, मुरली बहुतेकदा तमिळमध्ये उत्तर देई. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सेतुमाधवानं चौदा वर्षं कुणाला दोष दिला नाही. मुरलीला हे कधी कळू नये, एवढीच एक इच्छा त्यानं जपली होती. नोकरी गेली तरी चालेल, मुरलीच्या मनातून उतरलो तरी चालेल… पण हे कळू नये!

आणि कळलं. तेही रविवारी दुपारी, जेवणाच्या पानावर!

कारखान्यात पुण्याहून तन्मय नावाचा एक तरुण इंजिनिअर नवा आला होता. सुरक्षा खातं त्याच्याकडे. जुन्या अपघातांच्या फायली तो एकेक उघडून बघत होता. मराठी मुलगा, एकटा राहतो, बाहेर खातो, म्हणून मुरलीनं त्याला जेवायला बोलावलं. त्यात प्रेम किती आणि धोरण किती, हे मुरलीच जाणे! रम्यानं सकाळपासून खपून आंबट भाजी केली, उडदाच्या पिठाची डांगर पचडी केली.

"डांगर!" तन्मय पान बघून ओरडलाच. "अहो वहिनी, आमच्याकडेही डांगरच म्हणतात! माझी आजी करते. इथे चेन्नईत डांगर भेटेल असं वाटलं नव्हतं."

सेतुमाधव नेहमीसारखा मागाहून बसणार होता. दोन बोटांत चमचा धरून जेवायचं, पाहुण्यासमोर कशाला! पण तन्मय ऐकेना. "काका, तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार नाही." मग बसावंच लागलं. पोरगा गोड होता, बडबड्या होता. यांचं मराठी ऐकून त्याला भारीच गंमत वाटत होती. "जेवायास, करायास… आमचे पणजोबा असं बोलत असतील!" असं म्हणत तो एकेक शब्द विचारीत होता. रम्या हसत होती. मुरलीसुद्धा कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. सेतुमाधवाला वाटलं, उद्या यादी लागणार, लागू दे… आजचा दिवस तरी गोड झाला.

इतक्यात तन्मयची नजर त्याच्या चमच्यावर गेली. "काका, तुमची फाइल मी परवाच वाचली. एक कळलं नाही. हात आत असताना तुम्ही ठीक आहे म्हणालात? वीस वर्षांचा अनुभव होता तुम्हाला!"

"झोंप होती डोळ्यांवर," सेतुमाधव घाईनं म्हणाला. "भात वाढ गं, रम्या. त्यांस भात वाढ."

"झोंप मज होती," मुरली म्हणाला. "तूं तर जागा होतास." तो तन्मयकडे वळला. "मी पेडलवर होतों. अण्णाचा हात आंत. मी बघितलों नाहीं. तो म्हणाला, सरि. मी दाबलों."

"नुसतं सरि? की 'सरि, दाब' असं काही?"

"नुसतं. पण मोठ्यानं." मुरलीनं डोळे मिटले. चौदा वर्षं तो आवाज त्याच्या कानात होता, जसाच्या तसा; फक्त अर्थ लावून झाला होता, म्हणून पुन्हा कधी ऐकून पाहिला नव्हता. "ओरडलाच. असा… सर! सर! दोनदां."

तन्मयनं घास खाली ठेवला आणि अगदी निर्मळपणे, लहान मूल विचारतं तसं विचारलं, "मग तुम्ही सरला का नाहीत?"

"सरलों? म्हणजे?"

"म्हणजे बाजूला का नाही झालात? सर म्हणजे बाजूला हो. ते काय, आई नाही का म्हणत, सर तिकडे, सांडेल… तुमच्यात म्हणत नाहीत?"

रम्याच्या हातातली भाताची पळी तशीच अधांतरी राहिली. तन्मयचा चेहरा उतरला. आपण काहीतरी भयंकर बोलून गेलो एवढं त्याला कळलं, काय ते कळेना.

"हट!" सेतुमाधव हसला. केवढ्या मोठ्यानं हसला! "कारखान्यांत आम्ही मराठी बोलतच नव्हतों. मी तमिळच बोललों. सरि म्हणालों. कागदावर आहे तसं…"

पण त्याच्या दोन बोटांतला चमचा सुटला आणि ताटावर खणकन् वाजला.

"अण्णा," मुरली म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "माझ्या डोळ्यांत बघून सांग. काय म्हणालास तूं?"

सेतुमाधवानं बघितलं. आणि त्या डोळ्यांत त्याला दारात उभं असलेलं तेच पोर दिसलं, पांढऱ्या ओठांचं. खोटं ओठांपर्यंत आलं, थांबलं. चौदा वर्षं जे एका दमात म्हणता येत होतं ते आज म्हणता येईना! त्यानं मान खाली घातली.

मुरली पानावरून उठला. स्वतःच्या उजव्या पायाकडे तो असा बघत होता, जणू पायाला साप गुंडाळलाय. "मी… मीच! आणि काल मीच तुज शून्य दिलों!" भिंतीवर त्यानं डोकं आपटलं. "चौदा वर्षं, अण्णा! चौदा वर्षं मी तुज मूर्ख म्हटलों, आणि तूं ऐकून घेतलास! कशास सांगितला नाहींस?"

"सांगून काय होतं, कण्णा? बोटं परत येणार होतीं?" सेतुमाधव त्याच्या लहानपणीच्या लाडक्या नावानं म्हणाला.

"मज ठाऊक असायास पाहिजे होतं!"

"म्हणूनच सांगितलों नाहीं." सेतुमाधव उठून त्याच्याजवळ गेला. "तूं तीन वर्षांचा होतास. आईचा शब्द तुज कसा ठाऊक असेल? तुझा दोष नव्हे रे… तुझा दोष नव्हे!"

मुरलीनं हेही ऐकलं नाही. तो तसाच उष्ट्या हातानं जिना उतरला. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तन्मय "काका, मला माफ करा, काका…" म्हणत रडू लागला, तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवायलाही सेतुमाधवच उठला. रम्या पळी घेऊन होती तिथेच खाली बसली होती. काल संध्याकाळी आपण काय बोललो ते तिला आठवत होतं.

संध्याकाळी मुरली परत आला. भिंतीकडे तोंड करून पडला. सेतुमाधव दोनदा त्याच्या उशापाशी जाऊन उभा राहिला आणि दोन्हीदा न बोलता परत फिरला. त्याच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. तन्मयला आता सगळं ठाऊक आहे. पोरगा प्रामाणिक आहे, तो लिहिणार, फाइल उघडणार, आणि पेंगत पेडल दाबणारा कोण, तर मुरली! नोकरी त्याची जाणार. मग? मग फाइल उघडूच नये असं काय करता येईल? माणूसच निघून गेला तर त्याची फाइल कोण उघडतो?

झालं, ठरलं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. त्याग करायची सुद्धा माणसाला सवय लागते, आणि सवयीला विचार लागत नाही!

सोमवारी सकाळी तो उठला तर मुरली त्याच्याही आधी निघून गेला होता. आपलं तोंड बघायला नको म्हणून गेला असेल, असं सेतुमाधवाला वाटलं. मांबलमला लोकल पकडून तो पार्क स्टेशनला उतरला, गाडी बदलून अंबत्तूरला आला. नऊ वाजता कारखान्यातलं कामगार खात्याचं ऑफिस उघडलं. तिथले अधिकारी रामस्वामी. मऊ बोलणारा, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. त्यांच्या टेबलावर आधीच एक कागद होता, पालथा घालून ठेवलेला. सेतुमाधवानं त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हातानं, वाकड्या अक्षरांत त्यानं लिहून आणलं होतं की, मी स्वखुशीनं नोकरी सोडतो आहे, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, माझी जुनी फाइल बंद समजावी.

रामस्वामींनी कागद वाचला, पुन्हा वाचला. चष्म्यावरून त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं. मग त्यांनी शिक्का उचलला, दाबला, ओळखपत्र मागून घेतलं आणि म्हणाले, "सरि."

सेतुमाधव स्टोअरमध्ये आपल्या डब्याची पिशवी घ्यायला गेला, तोच तन्मय धावत आला. धापा टाकत होता.

"काका, राजीनामा दिलात? का दिलात? अहो, का दिलात!"

"जायचंच होतं. यादींत होतोंच मी."

"नव्हता! तुमचं नाव निघालं होतं, काका!" तन्मय जवळजवळ किंचाळला. "मुरलीदादा सकाळी आठालाच मॅनेजरांकडे गेले. मला बरोबर घेऊन गेले. सगळं लिहून दिलं त्यांनी. तुम्ही 'सर' म्हणालात, त्यांनी चुकीचं ऐकलं, तुमचा काही दोष नाही. एवढंच नाही… महिनाअखेरीला अजूनही पेडल जोडतात, माझ्याच पाळीत जोडतात, मीच उभा राहून जोडायला लावतो, असंही लिहिलं! मॅनेजर म्हणाले, हे शेवटचं वाक्य खोडा, बाकीचं आपण मिटवू. दादा म्हणाले, खोडणार नाही. त्यांना तिथल्या तिथे काढलं, काका. पण तुमचा शेरा पुसला होता, तुमचं नाव कापलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय! रामस्वामीसाहेबांच्या टेबलावरच होता तो कागद…"

सेतुमाधवाला समोरच्या फडताळातले हातमोजे दिसेनासे झाले. टेबलावरचा तो पालथा कागद! त्याच्या नाकासमोर होता! रामस्वामींनी एक बोट लावून उलटा केला असता, तर…! पण ते कशाला उलटा करतील? अकरांची यादी बारांची झाली. कारखान्याला दोघंही जायला हवेच होते. दोन भाऊ एकमेकांना वाचवायला धावले आणि दोघंही गेले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच!

तो डब्याची पिशवी घेऊन गेटबाहेर आला. समोर बसथांब्यापाशी, उन्हात, मुरली उभा होता. गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलेलं. सवयीनं हात तिथे जात होता आणि रिकामा परत येत होता. भावाच्या हातात डब्याची पिशवी बघून त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद उजळला. "अण्णा! तुज सांगितले ना? तुझं नांव धुतलं गेलं! आतां चार वर्षं निवृत्त होईतों तुज कोणी…" मग त्यानं अण्णाच्या गळ्याकडे पाहिलं. तिथेही ओळखपत्र नव्हतं.

"काय केलास?" मुरलीनं विचारलं. "अण्णा… काय केलास तूं?"

सेतुमाधवानं सांगितलं. सांगायला दोनच वाक्यं लागली.

मुरली रडला नाही. इतकी वर्षं कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. भर रस्त्यात मोठ्या भावाचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

"परत? परत मज न विचारतां? काल सारी रात्र मी त्या खोलींत होतों, अण्णा. चार हातांवर! एक शब्द बोलला असतास… 'मुरली, मी असं करतों' एवढा एक शब्द!"

"तुज वाचवायास, कण्णा…"

"मज वाचवायास! चौदा वर्षं तूं मज वाचवत बसलास आणि मी तुझा वैरी होत गेलों. सांगितला असतास तर मी रडलों असतों, तुझे पाय धरलों असतों, आयुष्यभर तुज घांस भरवलों असतों. झुरलों असतों, होय! पण तुझ्याजवळ बसून झुरलों असतों! तूं मज तेंही करूं दिला नाहींस. सगळं दुःख तूं एकटाच घेतलास, मज कांहींच ठेवला नाहींस!"

सेतुमाधवाला वाटलं, कुणीतरी काळजावर घणाचा घाव घातला. आपण दिलं, दिलं, दिलं असंच तो आजवर समजत आला होता. आणि हा म्हणतो, घेतलंस! पण खोटं कुठं होतं त्यात? आपल्याएवढं सोसणं या पोराला जमणार नाही, असं आपणच ठरवून बसलो. तो चाळीस वर्षांचा झाला, डोक्यावरचे केस पिकायला लागले, तरी आपल्या मनातून तो इस्पितळाच्या दारातून हललाच नाही. केवढा हा अहंकार… आणि त्याला आपण माया म्हणत आलो!

"चुकलों," तो पुटपुटला. "मुरली, मी चुकलों."

"मग आतां तरी बोल." मुरलीचा आवाज फुटला, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "नोकरी गेली, जाऊं दे. रम्यास काय सांगूं, ठाऊक नाहीं, जाऊं दे. पण तूं बोल. मज बरं वाटेल असं नको. खरं असेल तें बोल!"

रस्त्यावरून सामानाचे टेम्पो धडधडत जात होते. कारखान्याच्या भिंतीपलीकडून प्रेसचे ठोके ऐकू येत होते, एकामागून एक, बिनचूक. सेतुमाधवाचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. बोलायची सवयच नव्हती! मग एखादं लहान मूल पडल्यावर, बराच वेळ दम धरून, आई दिसल्यावर एकदम तोंड वाकडं करतं, तसं त्या चोपन्न वर्षांच्या माणसाचं तोंड वाकडं झालं.

"दुखतं रे, मुरली…" तो म्हणाला. "जीं बोटं नाहींत ना… तींच दुखतात."

मुरलीनं तो दोन बोटांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, छातीशी घट्ट धरला आणि तो हमसून हमसून रडू लागला. सेतुमाधवानं या वेळी त्याला 'रडूं नको' म्हटलं नाही. स्टेशनकडे जाणारी बस आली, थांबली; कंडक्टरनं दोनदा हाक मारली, दोघांकडे पाहिलं आणि बस सोडली.